उन्हात अमिनो आम्ल बनतं म्हणे. आम्हा पोल्ट्रीवाल्यांना त्याचा काही उपयोग?

सत्तरीचा पोल्ट्रीवाला

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत माझी लहानशी पोल्ट्री आहे, मागे काजूची बाग. कोंबड्यांचं तयार खाद्य मी आणत नाही. मका, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा, शिंपल्यांचा चुरा आणून घरीच मिसळतो. त्यात दोन पुड्या मात्र विकतच्या घालाव्या लागतात. एका पोत्यावर ‘डीएल-मिथिओनिन ९९ टक्के’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘एल-लायसीन मोनोहायड्रोक्लोराइड ९८.५ टक्के’. टनाला मिथिओनिन दोन-अडीच किलो, म्हणजे म्हटलं तर चिमूटभर. पण ती चिमूट चुकली की पिल्लांना धड पिसं येत नाहीत आणि ती एकमेकांना टोचत बसतात. भाव बेळगावचा व्यापारी फोनवर सांगेल तो. घासाघीस करायला गेलं की ‘माल बाहेरून येतो’ एवढंच ऐकायला मिळतं.

चवथीला भाचा आला होता, एम.एस्सी.ला आहे. माटोळी बांधायला मदत करता करता कोपऱ्यातल्या पोत्याचं लेबल वाचून म्हणाला, ‘‘मामा, अमिनो आम्लं आता नुसत्या उजेडावर बनवतात. लॅक्टिक आम्ल घ्यायचं, अमोनिया घालायचा, पिवळी पूड टाकायची आणि दिवा लावायचा.’’ पुढे आरती सुरू झाली आणि विषय तिथेच राहिला.

आता माझं डोकं चाललंय ते असं. ऊन आपल्याकडे पोत्याने आहे. काजूची बोंडं, म्हणजे आमचे बोंडू, मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली सडतात, दारूचे भट्टीवाले तरी किती नेणार? बोंडूचा रस आंबवला तर लॅक्टिक आम्ल मिळेल असं वाचलंय. मग हे गोव्यात का होऊ नये? आणि एका पोत्यावर ‘डीएल’ आणि दुसऱ्यावर नुसतं ‘एल’ का, हे कोणीच नीट सांगत नाही. जाणकारांनी साध्या भाषेत सांगावं.

वेर्णा, निवृत्त

तुमचा भाचा खोटं बोललेला नाही. पण तो सांगत होता ते अलानिन नावाच्या अमिनो आम्लाबद्दल, आणि तुमच्या दोन्ही पोत्यांत अलानिन नाही. ते कोंबडी स्वतःच स्वतःपुरतं बनवते. तरी प्रश्न झकास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी औषधांच्या कारखान्यांत प्रोसेस विभागात नोकरी केली, त्यामुळे ‘हे किलोने बनवायचं तर काय?’ हा किडा डोक्यातून जात नाही.

आधी लेबल. ग्लायसीन सोडलं तर आपल्या प्रथिनांतल्या प्रत्येक अमिनो आम्लाची दोन रूपं असतात, डावं म्हणजे ‘एल’ आणि उजवं म्हणजे ‘डी’. आरशातल्या प्रतिमेसारखी. शरीराला लागतं ते ‘एल’. लायसीन बनवतात जिवाणू. १९५६ साली जपानमध्ये किनोशिता यांच्या चमूला मातीतला एक जिवाणू सापडला, कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. तो साखर खाऊन ग्लुटामेट बाहेर टाकत होता. त्याच्याच सुधारलेल्या वाणांकडून आज जगात लाखो टन लायसीन काढतात. जिवाणू काम करतो तो एन्झाइमच्या साच्यात, म्हणून माल निव्वळ ‘एल’ निघतो.

मिथिओनिनची गोष्ट निराळी. ते मुख्यतः अजून रसायनशास्त्राच्या जुन्या वाटेनेच बनतं. प्रोपिलीनपासून अ‍ॅक्रोलिन, त्यावर मिथाइल मरकॅप्टन आणि मग हायड्रोजन सायनाइड. ही सायनाइडची वाट स्ट्रेकर नावाच्या जर्मन माणसाने १८५० साली घालून दिली, तीही अलानिनसाठीच. त्याने अ‍ॅसिटाल्डिहाइड, अमोनिया आणि सायनाइड वापरलं. अशा रसायनात डावं-उजवं अर्धं अर्धं निघतं, म्हणून ‘डीएल’. आणि ते तुमच्या कोंबडीला चालतं, कारण तिच्या यकृतात आणि मूत्रपिंडात ‘डी’ मिथिओनिनचं ‘एल’ करण्याची सोय आहे. लायसीनच्या बाबतीत ती सोय नाही. अर्धं ‘डी’ लायसीन घातलं तर ते सरळ विष्ठेतून बाहेर, तुमचे पैसे घेऊन.

आता उजेड. भाच्याने सांगितलेलं काम बहुधा सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या निंग यान यांच्या गटाचं, २०२० सालचं. त्याच गटाने २०१८ मध्ये हीच क्रिया रुथेनियम धातू वापरून, दोनशे अंशांच्या वर तापवून, हायड्रोजनच्या दाबाखाली करून दाखवली होती. दोन वर्षांनी कॅडमियम सल्फाइडचे अतिपातळ पापुद्रे घेऊन दृश्य प्रकाशात, ५० अंशांवर केली. पिवळी पूड ती हीच.

आत घडतं ते असं. पुडीवर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि खाली रिकामी जागा राहते. ती रिकामी जागा लॅक्टिक आम्लातला हायड्रोजन काढून घेते आणि त्याचं पायरुविक आम्ल होतं. पायरुविकला अमोनिया चिकटतो, इमीन नावाचं मधलं संयुग बनतं. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि तो काढलेला हायड्रोजन मग त्या इमीनवर परत येतो, आणि तयार होतं अलानिन. हायड्रोजन उसना घेतला, परत केला, मधल्यामध्ये ‘ओएच’च्या जागी ‘एनएच२’ बसला आणि पाणी सुटलं. हिशेब इतका स्वच्छ की माझ्यासारख्याला हेवा वाटावा. घोळ एवढाच की काही हायड्रोजन परत न येता वायू होऊन बुडबुड्यांतून पळतो, आणि तेवढं पायरुविक तसंच राहतं किंवा भलतीकडे जातं.

पण खरी मजा पुढे आहे. बाजारात मिथिओनिनचा एक द्रवरूप भाऊ मिळतो, ‘मिथिओनिन हायड्रॉक्सी अ‍ॅनालॉग’. मोठे फीडवाले तो फवारतात. त्याच्यात ‘एनएच२’च्या जागी ‘ओएच’ असतो, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्याच जातीचा. उजेडाची क्रिया त्याला लावली तर कागदावर मिथिओनिन मिळायला हवं. आणि कोंबडीच्या पोटात गेल्यावर काय होतं? आधी ‘ओएच’चा कीटो होतो, मग त्यावर नायट्रोजन बसतो. हुबेहूब तेच दोन टप्पे, दिव्याशिवाय, फुकटात. म्हणजे जे काम आपण प्रकाशाकडून करून घेणार ते तुमची कोंबडी आधीच करते आहे. सायनाइड लागतं ते त्याच्या आधीच्या पायरीला, आणि ती पायरी हा उजेड पुसत नाही. लोक ‘सायनाइडमुक्त’ म्हणून टाळ्या वाजवतात तेव्हा मी विचारतो, तुमचं ते ‘ओएच’वालं, म्हणजे हायड्रॉक्सी आम्ल आलं कुठून? लॅक्टिक आम्ल साखरेतून येतं, तिथे टाळ्या रास्त आहेत. मिथिओनिनला नाहीत.

आता ‘ऊन पोत्याने आहे’ या वाक्याकडे येऊ. गोव्यात वर्षाची सरासरी काढली तर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ युनिट ऊन मिळतं. कॅडमियम सल्फाइड त्यातला ५१५ नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे निळा-जांभळा आणि थोडा हिरवट, एवढाच भाग पकडतं. त्यातून दिवसाला १२ मोलच्या आसपास फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, हाती येतात (मोल हे रेणू-कण मोजायचं माप). एका अलानिन रेणूला किमान २ फोटॉन. म्हणजे एकही फोटॉन वाया गेला नाही तरी चौरस मीटरला दिवसाला अर्धा किलोच्या थोडं वर. आणि शंभरातले पाच फोटॉन कामी आले असं धरा, तर २७ ग्रॅम. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका.

ऊन सोडून निळे एलईडी लावले तर? त्याच पाच टक्क्यांवर, आणि दिव्यात निम्मी वीज उष्णतेत जाते असं धरून, किलोला ६५ ते ७० युनिट वीज फक्त उजेडाची. त्यानंतर अमोनिया उडवणं, पाणी आटवणं, गाळणं, स्फटिक काढणं. तुमच्या बिलातला दर लावा आणि बेळगावच्या भावाशी ताडून बघा.

अमोनियाही आकाशातून पडत नाही. झुआरीनगरला खतासाठी बनतो तो नैसर्गिक वायूपासून, चारशे अंशांच्या वर आणि शेकडो वातावरणांच्या दाबाखाली. शेवटची पायरी ५० अंशांवर आणली म्हणून आधीची आच हिशेबातून गळत नाही.

आणि कॅडमियम! खाद्यात जाणाऱ्या मालाजवळ मी ते फिरकू देणार नाही. प्रकाशात ही पूड स्वतःच हळूहळू झिजते, सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. ते मूत्रपिंडात साठतं, कोंबडीच्याही आणि कोंबडी खाणाऱ्याच्याही.

सत्तरीचा पोल्ट्रीवाला

सर, देव बरें करूं. लेबलचं कोडं इतक्या वर्षांनी सुटलं. मिथिओनिनचं कळलं, पण बोंडूचं काय? रसात साखर चांगली असते, ती तरी कामाला येईल ना? आणि एक वेडा प्रश्न. पावसात शेडमध्ये शिरलं की डोळे झोंबतात इतका अमोनिया असतो. तो फुकटचा अमोनिया वापरता येणार नाही का?

भट्टीकडचा

बोंडू अमिनो आम्लाला देऊ नका हो. हुर्राकाला, म्हणजे काजूच्या दारूला, आधीच रस पुरत नाही, त्यात तुम्ही कोंबड्यांना भागीदार केलंत तर सत्तरीत दंगल होईल.

प्रयोगशाळेतून

मी पीएच.डी. करते, विषय हाच, प्रकाश-उत्प्रेरण, म्हणजे उजेड आणि पूड वापरून क्रिया घडवणं. सरांचा फोटॉनांचा हिशेब मी पुन्हा करून पाहिला, बरोबर आहे. पण चित्र त्यांनी रंगवलंय तितकंही काळं नाही, म्हणून चार ओळी.

आमच्याकडे हा प्रयोग दिसतो कसा ते सांगते. बोटाएवढी काचेची कुपी, तिच्यात अमोनियाच्या पाण्यात मिसळलेलं लॅक्टिक आम्ल आणि चिमूटभर पूड. रबरी बुचातून सुई घालून आधी आर्गॉन सोडायचा, कारण हवेतला ऑक्सिजन राहिला तर तोच इलेक्ट्रॉन खाऊन टाकतो. कुपीभोवती निळ्या एलईडीची पट्टी गोल गुंडाळलेली, खाली चुंबकी ढवळणी, बाजूला टेबलफॅन. फॅन नसला तर दिव्यांच्या उष्णतेनेच कुपी तापते, आणि मग क्रिया उजेडाने झाली की उष्णतेने हे सांगता येत नाही. म्हणून तश्शीच दुसरी कुपी फॉइलमध्ये गुंडाळून त्याच तापमानाला ठेवतो. अंधारातल्या त्या कुपीचा आकडा दिलेला नसेल तर तो शोधनिबंध मी पुढे वाचत नाही.

कुणी घरी किंवा शाळेत करून पाहायच्या विचारात असेल तर अजून एक सांगते. अमिनो आम्ल ओळखायला निनहायड्रिन वापरतात, जांभळा रंग येतो. पण नुसत्या अमोनियानेही तो रंग येतो! या प्रयोगात अमोनिया भरपूर असतो, त्यामुळे काहीही न बनता कुपी सुंदर जांभळी होते. अमोनिया पूर्ण उडवल्याशिवाय त्या रंगाला अर्थ नाही, आणि पक्कं करायला मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्रच लागतं.

कॅडमियमबद्दल सरांशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच बरेच गट ग्राफिटिक कार्बन नायट्राइडकडे वळलेत. ते युरिया किंवा मेलामाइन भट्टीत तापवून मिळतं, रंग फिकट पिवळा, त्यात जड धातू नाही. टिटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आहे, पण त्याला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के असतात.

सरांनी न लिहिलेली गोष्ट म्हणजे डाव्या-उजव्याचा प्रश्न उजेड सोडवू शकतो, पण एन्झाइमला सोबत घेऊन. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रातल्या यांग यांग यांच्या गटाने आणि पिट्सबर्गच्या पेंग लिऊ यांनी हे दाखवलं. ट्रिप्टोफॅन बनवणारं एक एन्झाइम त्यांनी प्रयोगशाळेत उत्क्रांत केलं. त्यात ब६ जीवनसत्त्वापासून आलेला सहघटक बसलेला असतो आणि त्यावर सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल अडकतं. बाहेर प्रकाश-उत्प्रेरक एका बोरॉन संयुगातून मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणूचा तुकडा, तोडतो, तो मूलक एन्झाइमच्या खोबणीत शिरतो आणि तिथे हव्या त्या हाताचं, डावं किंवा उजवं, अमिनो आम्ल जोडलं जातं. एरवी अशा जोडणीसाठी अमिनो आणि आम्ल गट आधी झाकून ठेवावे लागतात, नंतर उघडावे लागतात. इथे तो व्याप नाही. यातून निसर्गात नसलेली अमिनो आम्लं मिळतात आणि औषधवाल्यांना ती हवी असतात. तिथे ग्रॅमला भाव असतो, म्हणून दिव्याची वीज परवडते.

डिचोलीचे मास्तर

विषय निघालाच आहे म्हणून आठवण करून देतो. उन्हात अमिनो आम्लं हा प्रयोग आपल्या देशात फार जुना आहे. इलाहाबाद विद्यापीठातले कृष्ण बहादूर यांनी पॅराफॉर्माल्डिहाइड, पोटॅशियम नायट्रेट आणि फेरिक क्लोराइड पाण्यात घालून उन्हात ठेवलं आणि त्यात अमिनो आम्लं मिळाल्याचं १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. वायूंत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवण्याचा मिलर यांचा प्रयोग त्याच्या आदल्याच वर्षीचा. तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, बहादूर एकातही नाहीत. बहादूर यांचा रोख जीवसृष्टी कशी सुरू झाली यावर होता, कारखान्यावर नव्हे.

प्रदर्शनासाठी मुलांना काही करून दाखवता येईल का? फॉर्माल्डिहाइड, कॅडमियम वगळून.

प्रयोगशाळेतून

मास्तर, अमिनो आम्ल नको. टिटॅनियम डायऑक्साइडची पूड आणि मेथिलीन ब्लू हा निळा रंग घ्या, पूड उन्हात तो रंग उडवते. दोन बाटल्या उन्हात ठेवा, एकीत पूड, दुसरीत नुसता रंग. तिसऱ्या बाटलीतही रंग आणि पूड घाला, पण ती उजेड न जाणाऱ्या कापडात गुंडाळा. पुडीवर थोडा रंग नुसताच चिकटतो, तो भाग तिसऱ्या बाटलीवरून कळतो. मुलांना प्रकाश-उत्प्रेरण तर समजेलच, पण तुलनेची बाटली का ठेवायची हे जास्त समजेल. डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात छान जमतं. बाटल्यांचं तोंड मात्र उघडं ठेवा, इथे हवा हवीच.

वेर्णा, निवृत्त

बाय, तुझ्या एन्झाइमच्या मुद्द्याला हरकत नाही, उलट माझंही तेच म्हणणं आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादा औषधांचा कारखाना हे उद्या करायला लागला तर मला नवल वाटणार नाही, कारण तिथे शंभर किलो म्हणजे मोठी ऑर्डर. पोल्ट्रीला टनांनी लागतं. माझा विरोध उजेडाला नाही, तो भलत्या ठिकाणी लावण्याला आहे.

पोल्ट्रीवाले भाऊ, बोंडूचं. रसात साधारण दहा टक्के साखर असते. ती आंबवून लॅक्टिक आम्ल, ते शुद्ध करून उजेडात अलानिन, असा प्रवास कशाला? साखर जिवाणूला दिली तर तो एका टाकीत थेट लायसीन देतो, तेही निव्वळ ‘एल’. त्या जिवाणूला वर्षभर साखर लागते, आणि बोंडू मिळतात मोठा हंगाम धरला तरी तीन महिने. उरलेले नऊ महिने टाकी काय करणार? म्हणून हे कारखाने मक्याच्या आणि उसाच्या प्रदेशात उभे राहतात. चोथा वाळवून खाद्यात थोडा घालता येतो, पण त्यात टॅनिन असतं आणि ते प्रथिनं पचू देत नाही. हात आखडता ठेवा.

शेडमधल्या अमोनियाचा प्रश्न वेडा नाही, या धाग्यातला सगळ्यात कामाचा तोच आहे. डोळे झोंबायला हवेत दहा लाखांत पंचवीस-तीस भाग पुरतात. इतकं विरळ गोळा करायला जेवढा खर्च, त्यापेक्षा तो होऊच न देणं स्वस्त. तो येतो कुठून? कोंबडी जास्तीचं प्रथिन युरिक आम्ल करून टाकते, आणि शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या तुसात जिवाणू त्याचा अमोनिया करतात. लायसीन आणि मिथिओनिनची गरज निव्वळ पेंडीतून भागवायला गेलं तर बाकीची अमिनो आम्लं गरजेपेक्षा जास्त जातात आणि तीच शेडमध्ये झोंबतात. पेंड थोडी कमी करून त्या दोन पुड्या नेमक्या घातल्या, तर खाद्यातलं प्रथिन एक टक्क्याने उतरल्यावर विष्ठेतला नायट्रोजन साधारण आठ-दहा टक्क्यांनी उतरतो. पावसाळ्यात तूस कोरडं ठेवा, पाण्याच्या निपलांची गळती रोज बघा, हे आहेच.

तुमचं मिश्रण इथे टाका, मका, पेंड, कोंडा किती किती ते. आकडे मांडून देतो. फक्त एक करू नका, आजच पेंड कापू नका. मका-सोयाच्या खाद्यात मिथिओनिन आणि लायसीननंतर थ्रिओनिन कमी पडतं, आणि त्याचं पोतं तुमच्याकडे दिसत नाही.

सत्तरीचा पोल्ट्रीवाला

थ्रिओनिन कधी आणलेलं नाही, खरंय. हे घ्या, शंभर किलोला मका ५८, पेंड ३०, कोंडा ७, बाकी शिंपल्यांचा चुरा, मीठ आणि मिनरल. मांसाच्या पक्ष्यांचं आहे, शेवटच्या पंधरवड्यातलं. पेंडीवर प्रथिन ४६ टक्के लिहिलंय. आणि भाच्यालाही या धाग्याची लिंक पाठवलीय. तो विचारतोय, कार्बन नायट्राइड करायला युरिया खताच्या दुकानातला चालेल का?

प्रयोगशाळेतून

खताच्या दुकानातला नको. त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घे, झाकण असलेल्या क्रुसिबलमध्ये ५५० अंशांवर तापव, आणि तेही वायू बाहेर ओढून नेणाऱ्या फ्यूम हूडखालीच. खूप अमोनिया सुटतो.